वाळू, गवत आणि गाई : नेब्रास्कातील चेरी काउंटी समजून घेताना

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे राज्यांचे प्रशासकीय विभाग, आहेत. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाई त्यांपैकी कोणत्या काउंटीत सर्वाधिक आहेत असे विचारले, तर उत्तर येते नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवरील चेरी काउंटी. अशा दीड लाखाहून अधिक गाई या एका काउंटीत आहेत. माणसे मात्र २०२०च्या जनगणनेत अवघी ५,४५५ भरली आणि त्यांतलीही जवळजवळ निम्मी व्हॅलेंटाइन या एकाच गावात राहतात. काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढे आहे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्येच ९४ लाखांवर होती. अमेरिकेतले कनेटिकट हे अख्खे राज्य चेरी काउंटीत मावेल. काउंटी इतकी रुंद आहे की तिच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील घड्याळांत एका तासाचा फरक असतो.

असा प्रदेश मागास असावा, ओसाड असावा किंवा लोकांनी टाकून दिलेला असावा, असा समज आकडे वाचताच होतो. तो चुकीचा आहे. चेरी काउंटीत माणसे थोडी का, गाई इतक्या का, आणि एवढे पशुधन असूनही तिथली गावे शंभर वर्षे लहान होत का गेली, या तिन्ही प्रश्नांचे मूळ तिथल्या वाळूत आहे. वाळूमुळे तिथे गवताखेरीज फारसे काही टिकत नाही; एका गाईला किती जमीन लागणार हे गवतावर ठरते; एका कुटुंबाला किती गाई हव्यात यावर काउंटीत किती कुटुंबे राहू शकतील हे ठरते; आणि शाळा, दवाखाना, किराणा दुकान हे सारे त्या कुटुंबांच्या संख्येवर अवलंबून राहते. हा लेख ही साखळी एकेक दुवा धरून समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे.

चेरी काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्स या प्रदेशात मोडतो. नेब्रास्काच्या मध्य आणि पश्चिम भागात सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला हा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठा मानला जातो. काही टेकड्या सव्वाशे मीटरपर्यंत उंच आणि तीस किलोमीटरपर्यंत लांब आहेत. वाळवंट म्हटले की डोळ्यांसमोर येणारी उघडी वाळू मात्र इथे क्वचितच दिसते, कारण या टेकड्यांवर गवताचे दाट आच्छादन आहे. हिमयुगानंतरच्या काळात वाऱ्याने वाळू आणून रचली आणि पुढे हवामान ओलसर झाल्यावर तिच्यावर गवत आले. दीर्घ दुष्काळ पडला की गवत मरे आणि टेकड्या पुन्हा सरकू लागत. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. शेवटची मोठी हालचाल साधारण सातशे ते हजार वर्षांपूर्वीची असल्याचे भूवैज्ञानिक सांगतात. म्हणजे आज जे हिरवे डोंगर दिसतात, ते भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडे स्थिरावलेले आहेत आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम केवळ गवताची मुळे करीत आहेत.

इथे पाऊस वर्षाला साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर पडतो. एवढ्या पावसावर एखाद्या चिकणमातीच्या प्रदेशात ओढे वाहिले असते, तळी भरली असती आणि उन्हाळ्यात आटलीही असती. वाळूत तसे होत नाही. पडलेले पाणी जवळजवळ वाहतच नाही, ते सरळ खाली झिरपते. खाली ओगालाला या नावाने ओळखला जाणारा प्रचंड भूजलसाठा आहे, जो दक्षिण डकोटापासून टेक्ससपर्यंत आठ राज्यांखाली पसरलेला आहे, आणि त्याचा सर्वांत जाड थर सँडहिल्सच्या खाली सापडतो; काही ठिकाणी पाण्याने भरलेल्या थराची जाडी तीनशे मीटरच्या घरात जाते. कॅन्ससच्या पश्चिम भागात आणि टेक्ससच्या उत्तर टोकाला हाच साठा सिंचनासाठी उपसून उपसून धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेला आहे. सँडहिल्समध्ये मात्र वरून झिरपणारे पाणी भरपूर आणि उपसा कमी, त्यामुळे पातळी मोठ्या प्रमाणात टिकून आहे. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा जिथे भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते, तिथे तळी तयार होतात किंवा ओलसर कुरणे तयार होतात. तिथल्या नद्याही मुख्यतः झऱ्यांवर चालतात, म्हणून त्यांचा प्रवाह वर्षभर आश्चर्य वाटावे इतका सारखा राहतो. कोरड्या टेकड्यांवर चराई आणि ओल्या कुरणांत हिवाळ्यासाठी गवताची कापणी, ही तिथल्या पशुपालनाची जोडी या पाण्याने शक्य केली आहे.

गवत निघाले तर काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गुरे रोज एकाच वाटेने पाण्याच्या टाकीकडे जातात, किंवा एखादा ट्रक त्याच चाकोरीतून पुनःपुन्हा नेला जातो, आणि टेकडीच्या वाऱ्याकडील बाजूस हातभर जागेत वाळू उघडी पडते. वारा ती वाळू उचलतो, कडेच्या गवताची मुळे उघडी पाडतो, ते गवत वाळते आणि खड्ड्याचा काठ मागे सरकतो. काही हंगामांत टेकडीच्या अंगावर वाडग्यासारखा मोठा खळगा तयार होतो. याला तिथे ब्लोआउट म्हणतात. रँचवाले, म्हणजे विस्तीर्ण कुरणांवर गुरे पाळणारे लोक, अशा जागेला तारेचे कुंपण घालून गुरे दूर ठेवतात, जुने टायर टाकतात, निकृष्ट गवत पसरतात, जेणेकरून वाऱ्याचा जोर मोडावा आणि नवे गवत धरावे. त्यांच्या दक्षतेमुळे ब्लोआउट कमी होत गेले. निसर्गाचा गुंता असा की ब्लोआउट पेन्स्टेमन नावाची जांभळट फुलांची वनस्पती उघड्या वाळूतच वाढते. खळगे भरत गेल्याने ती इतकी दुर्मीळ झाली की नामशेष समजली गेली, पुढे पुन्हा सापडली आणि १९८७ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त वनस्पतींच्या सरकारी यादीत झाली.

या भूमीचा इतिहास गाईंपासून सुरू होत नाही. एकोणिसाव्या शतकात हा लकोटा या मूळ अमेरिकी लोकांच्या शिकारीचा प्रदेश होता आणि १८६८ च्या फोर्ट लारामी करारात नॉर्थ प्लॅट नदीच्या उत्तरेकडील भूमीवर शिकार करण्याचा त्यांचा हक्क अमेरिकी सरकारने मान्य केला होता. तो हक्क दहा वर्षेसुद्धा टिकला नाही. बायसनचे, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचे, कळप संपवण्यात आले, लकोटांना उत्तरेकडे राखीव क्षेत्रांत हलवण्यात आले आणि १८८० मध्ये नायोब्रारा नदीकाठी फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभी राहिली, ती शेजारच्या रोजबड राखीव क्षेत्रावर नजर ठेवण्यासाठी. १८८३ मध्ये काउंटी स्थापन झाली, तेव्हा तिला याच छावणीतील, दोन वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या सॅम्युएल चेरी या लेफ्टनंटचे नाव देण्यात आले. रोजबड आणि पाइन रिज ही राखीव क्षेत्रे आजही काउंटीच्या उत्तर सीमेपलीकडे, दक्षिण डकोटात आहेत. व्हॅलेंटाइनच्या बाजारपेठेत तिथले लोक खरेदीला येतात आणि काउंटीतील रहिवाशांत मूळ अमेरिकनांचा वाटा लक्षणीय आहे. चेरी काउंटीची कोणतीही हकीकत सांगताना हा भाग गाळला, तर जमीन जणू रिकामीच होती असा खोटा समज तयार होतो.

सुरुवातीच्या गुराख्यांना या टेकड्यांची धास्ती होती. आत गेलेले जनावर परत येत नाही, असे ते मानत. १८७९ च्या सुमारास हिमवादळात भरकटलेली गुरे शोधण्यासाठी नायोब्राराकाठच्या एका मोठ्या रँचचे गुराखी नाइलाजाने आत शिरले, तेव्हा त्यांना मेलेल्या जनावरांऐवजी टेकड्यांच्या आडोशाला हिवाळा काढून धष्टपुष्ट झालेली गुरे आढळली. त्यानंतर पशुपालकांची रीघ लागली. जमीन सरकारी, म्हणजे सर्वांना मोकळी होती. परंतु बड्या रँचवाल्यांनी ती तारेचे कुंपण घालून बळकावायला सुरुवात केली. चेरी आणि शेजारच्या शेरिडन काउंटीत पसरलेल्या स्पेड रँचचे मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि विल्यम कॉमस्टॉक यांच्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्या कारकिर्दीत यासाठी खटले चालले. पहिल्या खटल्यात शिक्षा नाममात्र झाली, त्यावर सरकार संतापले आणि दुसऱ्या खटल्यात तुरुंगवास झाला. रिचर्ड्स १९११ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मरण पावले.

कुंपणे हटवून ही जमीन सामान्य कुटुंबांना द्यावी, अशी त्या काळची भूमिका होती आणि तिचा हेतू चांगला होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक अर्जदाराला १६० एकर जमीन मिळत असे. पूर्वेकडच्या काळ्या मातीत तेवढ्यावर कुटुंब जगे. वाळूत ते अशक्य होते. म्हणून नेब्रास्काचे काँग्रेस सदस्य मोझेस किंकेड यांनी १९०४ मध्ये वेगळा कायदा मंजूर करून घेतला, ज्यान्वये राज्याच्या पश्चिम भागात प्रत्येकी ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल जमीन देण्यात येऊ लागली. अट एवढीच, की पाच वर्षे तिथे राहायचे आणि जमिनीत काही सुधारणा करायच्या. हजारो कुटुंबे आली. लाकूड नव्हते, म्हणून त्यांनी गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेपांची घरे बांधली. त्या वसाहतींपैकी एक होती ब्राउनलीजवळची डीविटी. १९०७ पासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे स्थायिक झाली. त्यांतल्या काहींचे पूर्वज गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेले होते. नेब्रास्कातील ती सर्वांत मोठी कृष्णवर्णीय ग्रामीण वसाहत ठरली. तिथे शाळा होती, चर्च होते, बेसबॉलचा संघ होता. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती रिकामी झाली. आज तिथे घरे नाहीत. हमरस्त्यालगत २०१६ मध्ये उभारलेला माहितीफलक तेवढा आहे.

डीविटी का उठली, याचे उत्तर गणितात आहे आणि तेच उत्तर शेजारच्या गोऱ्या वसाहतींनाही लागू पडते. सँडहिल्समध्ये एका गाईला आणि तिच्या वासराला वर्षभर पोसायला साधारण पंधरा ते वीस एकर गवताळ जमीन लागते. ६४० एकरांत तीस-चाळीस गाई बसतात, त्यांची वर्षाला तेवढीच वासरे होतात, आणि तेवढ्या वासरांच्या विक्रीवर एक कुटुंब जगू शकत नाही. ज्यांनी टेकड्या नांगरून मका किंवा राय हे धान्य लावले, त्यांची वाळू उडाली. पाच वर्षे काढून मालकी हाती आली की बहुतेकांनी जमीन शेजारच्या मोठ्या रँचला विकली आणि वाट धरली. १९२० मध्ये काउंटीची लोकसंख्या ११,७५३ होती, तिचा आजवरचा उच्चांक. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत ती कमीच होत गेली. ही घट एखादा कारखाना बंद पडल्यामुळे झालेली नाही, साथीमुळे नाही, दंगलीमुळे नाही. कायद्याने जमिनीवर जेवढी कुटुंबे बसवली होती, तेवढी पोसण्याची तिची ताकद नव्हती, आणि पुढे यंत्रे आली, तसे तेवढ्याच गुरांसाठी आणखी कमी हात पुरू लागले. मला या साऱ्या इतिहासात किंकेड कायदा सर्वांत बोलका वाटतो, कारण दूरच्या राजधानीत नकाशावर आखलेला चौकोन आणि जागेवरचे गवत यांच्यातली तफावत त्यात स्पष्ट दिसते.

आजची रँच कशी चालते ते पाहू. इथला व्यवसाय गाय-वासरू पद्धतीचा आहे. म्हणजे रँचवर गाई कायम राहतात आणि विकायचे असते ते वासरू. दुधाचा इथे संबंध नाही, ते सारे वासरालाच पाजले जाते. गाई हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत वितात. हा काळ सर्वांत कष्टाचा असतो, कारण मार्चमधले एखादे हिमवादळ नुकत्याच जन्मलेल्या ओल्या वासराला तासाभरात गारठवून मारू शकते. रात्री दोन-दोन तासांनी उठून गोठ्याभोवती फेरी मारणे त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येते. मे-जूनमध्ये वासरांना डागतात. त्या दिवशी आसपासची कुटुंबे घोडे घेऊन येतात, गाई-वासरांचे कळप गोळा करून आणतात, घोड्यावरचा गडी वासराचे मागचे पाय फासात धरून त्याला आगीपाशी ओढत आणतो आणि तिथे दोघे त्याला दाबून धरतात, तोवर एकजण लस टोचतो, एकजण गोऱ्हा असल्यास खच्ची करतो आणि एकजण तापलेल्या लोखंडाने रँचची खूण उमटवतो. शेकडो वासरे अशी एका दिवसात होतात. या कामाची मजुरी कोणी घेत नाही. दुपारी यजमानांकडे सर्वांचे जेवण होते, आणि पुढच्या आठवड्यात आपण त्यांच्याकडे जायचे, हा ठरलेला व्यवहार आहे.

जुलैपासून ओल्या कुरणांतले गवत कापून त्याच्या गंजी किंवा मोठे गोल भारे रचले जातात. दूरच्या टेकड्यांत चरणाऱ्या गुरांना पाणी मिळावे म्हणून पवनचक्क्या भूजल उपसून टाक्या भरतात. अनेक ठिकाणी आता त्यांच्या जागी सौरपंप आले आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वासरे आईपासून तोडून बाजारात नेतात. त्यांचे वजन तोवर अडीचशे किलोंच्या आसपास झालेले असते. व्हॅलेंटाइनच्या लिलावात वासरे गटागटाने रिंगणात येतात, पुकारा करणारा अखंड वेगात भाव बोलत राहतो आणि काही मिनिटांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा निकाल लागतो. पगारदार माणसाला हे विचित्र वाटेल, पण चेरी काउंटीतल्या बहुतेक रँचची मुख्य कमाई वर्षातून एकदाच, त्या एका दिवशी हाती येते.

तिथून वासरू काउंटीबाहेर जाते आणि त्याच्याबरोबर त्याचे पुढचे मोलही. पूर्व नेब्रास्कात मक्याचे पीक भरपूर आहे. तिथल्या फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो जनावरे एकत्र ठेवून धान्यावर पोसणाऱ्या आवारांत, त्याचे वजन सहाशे किलोंच्या पुढे नेले जाते. पुढे कत्तलखाने येतात. अमेरिकेतील धष्टपुष्ट केलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरांची खरेदी टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांकडून होते. विकणारे लाखो आणि घेणारे चार, अशा बाजारात दुकानातल्या मांसाचा भाव चढला तरी वासराचा भाव त्याच प्रमाणात चढेलच असे नसते. काउंटीत कच्चा माल निर्माण होतो. धान्यावर पोसणे, कापणे, बांधणे, विकणे यांतून मिळणारा रोजगार आणि नफा अन्यत्र जमा होतो. एवढ्या पशुधनाचा प्रदेश असूनही तिथली गावे का वाढली नाहीत, याचे दुसरे कारण हे आहे.

रँच टिकवण्यातला खरा पेच जमिनीच्या किमतीचा आहे. काही हजार एकरांची मालकी असलेले कुटुंब कागदावर कोट्यधीश असते, पण हातात रोकड थोडी असते. नेब्रास्कात शाळांचा आणि काउंटीचा खर्च मोठ्या प्रमाणात मालमत्ता करातून चालतो आणि शेतजमिनीचे मूल्यांकन बाजारभावाच्या ७५ टक्के धरले जाते. त्यातच राज्य सरकार शाळांना मदत देताना त्या शाळेच्या हद्दीतील मालमत्तेचे मूल्य पाहते. चेरीसारख्या ठिकाणी मुले कमी आणि जमीन अफाट, त्यामुळे हिशेबात ती शाळा श्रीमंत ठरते आणि खर्चाचा भार जमीनमालकांवरच राहतो. वडील वारले आणि तीन भावंडांपैकी एकाला रँच चालवायची असली, तर उरलेल्या दोघांचा वाटा बाजारभावाने विकत घेणे वासरांच्या उत्पन्नातून जवळजवळ अशक्य होते. मग जमीन विक्रीला निघते, आणि घेणारा बहुधा आधीच मोठा असतो. शेतजमीन बड्या कंपन्यांच्या हाती जाऊ नये म्हणून नेब्रास्काच्या मतदारांनी १९८२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली होती, परंतु २००६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती अवैध ठरवली. सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी १९९० च्या दशकापासून सँडहिल्समध्ये मोठाले रँच विकत घेऊन तिथे गाईंऐवजी बायसन सोडले. बायसन परतले याचे समाधान मानणारे लोक आहेत, आणि एका खरेदीत शाळेतली चार मुले कमी होतात म्हणून अस्वस्थ होणारेही आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

कारभाराबद्दल थोडेसे. काउंटीला जिल्हाधिकारी नसतो. निवडून आलेले आयुक्त मंडळ रस्ते, अंदाजपत्रक आणि जमीनवापराची परवानगी पाहते. शेरीफ, खजिनदार, लेखनिक हेही मतांवर निवडले जातात. साडेपाच हजार माणसांत मतदार आणि उमेदवार एकमेकांना नावाने ओळखतात. अंतर ही मात्र रोजची अडचण आहे. व्हॅलेंटाइनहून दक्षिणेकडे थेडफर्ड हे पुढचे गाव सुमारे १०५ किलोमीटरवर आहे, नॉर्थ प्लॅट हे मोठे शहर दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. व्हॅलेंटाइनमधील काउंटीचे रुग्णालय क्रिटिकल अॅक्सेस या गटात मोडते. दुर्गम भागातील लहान रुग्णालये बंद पडू नयेत म्हणून संघीय सरकारने १९९७ मध्ये ही योजना आणली. खाटा पंचवीसपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, आणि त्या बदल्यात सरकारी विम्याकडून ठरावीक दराऐवजी प्रत्यक्ष खर्चाच्या आधाराने पैसे मिळतात. अशी तरतूद नसती, तर बाळंतपणासाठी किंवा हृदयविकाराच्या झटक्यात माणसाला दोन-अडीच तास गाडीतून न्यावे लागले असते.

शाळांची कहाणी अधिक जिव्हाळ्याची आहे. टेकड्यांमध्ये एकखोली शाळा होत्या, जिथे एक शिक्षिका वेगवेगळ्या इयत्तांची पाच-सात मुले एकत्र शिकवीत असे. २००५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अशा केवळ प्राथमिक शाळा चालवणाऱ्या शालेय जिल्ह्यांचे, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागांचे, मोठ्या शालेय जिल्ह्यांत विलीनीकरण सक्तीचे केले. ग्रामीण मतदारांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तो कायदा रद्दही करवला. तोवर विलीनीकरण होऊन गेले होते. काउंटीच्या उत्तरेकडील कोडी या दीडशे वस्तीच्या गावाने मात्र शाळेलाच आधार बनवले. गावात किराणा दुकान उरले नव्हते, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अनुदान मिळवून, गवताच्या भाऱ्यांच्या भिंतींची इमारत उभारून २०१३ मध्ये सर्कल सी मार्केट सुरू केले. मालाची मागणी नोंदवणे, फळ्या लावणे, हिशेब ठेवणे हे सारे मुले अभ्यासाचा भाग म्हणून करतात. दूध-अंड्यांसाठी साठ किलोमीटर गाडी हाकावी लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे वेगळे सांगायला नको.

पर्यटनाचा हातभार लहान असला तरी वाढता आहे. नायोब्रारा नदीचा व्हॅलेंटाइनपासून पूर्वेकडचा ७६ मैलांचा पट्टा १९९१ मध्ये संरक्षित राष्ट्रीय नदी म्हणून घोषित झाला. या खोऱ्यात पश्चिमेकडचे पाँडेरोसा पाइन, पूर्वेकडची पानझडी झाडे आणि थंड झऱ्यांच्या आधाराने हिमयुगापासून टिकून राहिलेले भूर्जाचे वृक्ष एकत्र वाढतात. उन्हाळ्यात लोक होड्यांतून आणि गुरांना पाणी पाजायच्या गोल टाक्यांतूनही प्रवाहाबरोबर तरंगत जातात. नेब्रास्कातील सर्वांत उंच धबधबा, स्मिथ फॉल्स, याच पट्ट्यात आहे. आकाश इतके काळोखे असते की मेरिट जलाशयाच्या काठी १९९४ पासून दरवर्षी आकाशनिरीक्षकांचा मेळावा भरतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतला सर्वांत कडवा वाद वाऱ्याचा आहे. सँडहिल्समध्ये वारा जोरदार आणि सलग असतो, त्यामुळे वीजनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांची नजर तिकडे वळली. ज्याच्या जमिनीवर पवनचक्की उभी राहील त्याला दरवर्षी भाडे मिळेल आणि वासराच्या एकाच विक्रीवरचे अवलंबन कमी होईल, ही एक बाजू. त्या टनावारी वजनाच्या यंत्रांसाठी वाळूत खोदलेले रस्ते पुन्हा कधी गवत धरतील का, टेकड्यांवर वसंतात नाचणाऱ्या प्रेअरी चिकन पक्ष्यांचे काय, आणि शेजाऱ्याच्या भाड्यापायी आपले क्षितिज का गमवायचे, ही दुसरी बाजू. सुमारे २२५ मैल लांबीच्या आर-प्रोजेक्ट या उच्चदाब वाहिनीलाही २०२० मध्ये संघीय न्यायालयाने अडवले. संकटग्रस्त भुंग्याच्या अधिवासासंबंधी दिलेला परवाना रद्द झाला. पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या वासरांना डागायला जाणारी कुटुंबे या प्रश्नावर सुनावण्यांत समोरासमोर उभी राहिली. १९७० च्या दशकात गोल फिरणारी सिंचनयंत्रे लावून वाळूत मका पिकवण्याची जी लाट आली होती आणि बऱ्याच ठिकाणी जमीन उघडी पाडून ओसरली होती, तिची आठवण जुन्या लोकांना आहे; नव्या गोष्टीकडे ते सावधपणे पाहतात त्यामागे हा अनुभव आहे.

झाडांचा प्रश्न याहून शांतपणे वाढतो आहे. १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहावरून सरकारने सँडहिल्समध्ये हाताने जंगल लावण्याचा प्रयोग सुरू केला; त्याचाच एक भाग आज सॅम्युएल मॅकेल्वी राष्ट्रीय वन या नावाने चेरी काउंटीत आहे, आणि त्यातही बराचसा भाग गवताचाच राहिला. आता उलट अडचण आहे. वणवे विझवले जाऊ लागल्यापासून ईस्टर्न रेडसीडर हे सदाहरित झाड कुरणांत शिरते आहे. त्याच्या सावलीत गवत वाढत नाही आणि ते मातीतला ओलावाही खेचते. म्हणून जमीनमालक गटागटाने एकत्र येऊन, वारा आणि आर्द्रता पाहून, ठरवून आग लावतात. वाळूच्या प्रदेशात स्वतःच्या हाताने गवत पेटवायला धीर लागतो.

या घडीला रँचवाल्यांपुढचा निर्णय गुरांच्या संख्येचा आहे. मोठ्या भूभागावर पडलेल्या दुष्काळांमुळे अनेकांनी गाई विकल्या आणि २०२४ च्या सुरुवातीस अमेरिकेतील एकूण गुरांची संख्या सुमारे ८ कोटी ७० लाखांवर आली, जी १९५१ नंतरची सर्वांत कमी होती. गुरे कमी झाल्याने वासरांना विक्रमी भाव मिळू लागला. कळप पुन्हा वाढवायचा तर कालवडी न विकता ठेवाव्या लागतात. शरद ऋतूत ठेवलेली कालवड पुढच्या उन्हाळ्यात फळते, त्यापुढच्या वसंतात विते आणि तिचे पहिले वासरू बाजारात जाईपर्यंत दोन वर्षे उलटतात. तेवढा काळ आजचा चढा भाव सोडून द्यायचा, तिला पोसायचे, आणि दोन वर्षांनंतरही भाव टिकेल अशी आशा धरायची. त्यामुळे कालवडी किती ठेवायच्या हे ठरवताना चेरी काउंटीतली कुटुंबे लिलावातल्या आकड्यांइतकीच मे आणि जून महिन्यांतल्या पावसाची नोंद बारकाईने पाहतात, कारण टेकड्यांवरच्या गवताची वर्षभराची वाढ बहुतांशी त्याच पावसावर होते.